नावातला एक्स

"बरोवन दी."

तोंडानं काहीही सांगायला गेलं की ते मेजावरून एका बोटानं कागदाचा तुकडा पुढे सरकवायचे आणि एवढे दोनच शब्द म्हणायचे. लिहून दे. तुकडे त्यांनीच कापलेले असत, जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पानांचे, पट्टी लावून, सगळे एका मापाचे. रजा हवी, लिहून दे. खडू संपले, लिहून दे. एकदा इतिहासाचे सर धापा टाकत ऑफिसात आले आणि म्हणाले, बागेत नाग निघालाय. ह्यांनी तुकडा सरकवला. सरांनी खरोखरच लिहून दिलं, 'शाळेच्या बागेत नाग', खाली सही आणि वेळ. मग शिपायाला काठी घेऊन पाठवण्यात आलं. नाग तोवर आपल्या कामाला निघून गेला होता.

ते गोव्यात, आमच्या पेडण्याच्या शाळेचे हेडक्लार्क. मी त्याच शाळेत मराठी शिकवते. माहेर साखळीचं, सासर इथलं. त्यांचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर पेडण्याच्या बाजारात अर्ध्या तासात कुजबुज सुरू होईल आणि त्यात आधी माझीच अब्रू जाईल. शिवाय सगळी भानगड नावावरूनच झालेली आहे, तेव्हा न घेतलेलंच बरं. आणखी एक गोष्ट आताच सांगून टाकते. मी डूख धरणारी बाई आहे. कोणी मला टोचलं तर ती जागा मी वर्षानुवर्षं हात लावून बघते, अजून दुखतंय ना म्हणून. पुढे कुणाची बाजू घ्यायची ते तुम्ही तुमचं ठरवा.

चण लहान, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. एक स्वतः लिहायला, दुसरं समोरच्याला द्यायला. समोरच्याला द्यायचं पेन झटकल्याशिवाय उमटत नसे. ते तसंच ठेवलेलं होतं ह्याबद्दल स्टाफरूममध्ये दुमत नव्हतं.

शाळेतून कुणी बाहेरगावी जायचं झालं, मग प्रशिक्षण असो, खेळ असोत की परिषद, तिकीट आणि हॉटेल तेच ठरवायचे. बाकीची कामं ते कारकुनासारखी करत. हे काम राजासारखं करत. कोण आपल्याशी कसं वागलं हे त्यांना तोंडपाठ असे आणि त्याप्रमाणे ज्याचा त्याचा प्रवास ठरे. आमच्या आधीच्या हेडमास्तरांनी चतुर्थीला त्यांची एक दिवसाची रजा नाकारली होती. पुढे हेडमास्तर दिल्लीला एका बैठकीला गेले ते संडासाच्या दाराला लागून असलेल्या बर्थवर. परत आल्यावर आठवडाभर त्यांना कुठल्याही दाराचा आवाज सहन होत नव्हता.

पीटीचे सर एकदा सगळ्यांसमोर "हे क्लार्क लोक" असं काहीतरी बोलून गेले. त्यांना भोपाळला शिबिराला जायचं होतं. हॉटेल मिळालं ते लग्नाच्या हॉलच्या बरोबर वर, आणि दिवस लग्नसराईचे. सर तीन दिवस बँडच्या तालावर झोपले. आल्या आल्या तणतणत ऑफिसात गेले, तर ह्यांनी फाइल काढली, सरांच्या हातचाच तुकडा काढला आणि त्यावर बोट ठेवलं. 'हॉटेल शहराच्या मध्यभागी असावे.'

"मध्यभागी होता मरे?" त्यांनी विचारलं.

"होता."

"मगे?"

पण ज्याच्यावर जीव, त्याची बडदास्तही तेवढ्याच बारकाईनं. शिवणाच्या बाई निवृत्तीला आल्या होत्या, गुडघे गेलेले, आणि त्यांना बेंगळुरूला जायचं होतं. ह्यांनी त्यांना खालचा बर्थ आणि खिडकीजवळची "जनेलाची सीट" तर मिळवून दिलीच, वर हॉटेलला तीनदा फोन केला. आपल्या भयानक हिंदीत ते ओरडून विचारत होते, "गरम पानी नळ में आता है या बालदी में?" जवळ मासळीचं जेवण कुठे मिळतं तेही शोधून, वळणांसकट कागदावर काढून दिलं. बाईंनी तो कागद नंतर देवाच्या फोटोमागे ठेवला होता.

आता एक्सची गोष्ट सांगायला हवी. पोर्तुगीज वळणात 'श' हा उच्चार इंग्रजी एक्सनं लिहितात. पोर्तुगीज गेले, पण नोंदवहीत लिहिणारे हात पुढे बरीच वर्षं तेच राहिले. त्यामुळे आमच्याकडे शांताराम असो, शेवंती असो, जन्मदाखल्यावर त्यांच्या पुढ्यात एक्स बसलेला असतो. शाळेत गेल्यावर तेच मूल एस-एच लिहायला शिकतं आणि जन्मभर तशीच सही करतं. माझंच बघा. मी शकुंतला शेट. सही एस-एचनं. पण जन्मदाखल्यावरून आणि लग्नाच्या नोंदीवरून कार्ड निघालं, त्यावर माझ्या नावाला एक एक्स आणि सासरच्या आडनावाला दुसरा, शिवाय शेवटी एक जादा अक्षर. कार्ड वाचणाऱ्या परक्या माणसाला वाटावं, ही कोणी वेगळीच बाई आहे.

ह्या विषयातले ते पंडित. स्टाफमधल्या प्रत्येकाचं नाव दोन्ही स्पेलिंगांत त्यांना पाठ. शाळा सुटली की त्यांच्या मेजाशी गावातली माणसं येऊन थांबत. पेन्शन अडकलेली म्हातारी, आखातात निघालेली नर्स, बापाच्या नावावरची जमीन मिळत नाही म्हणून रडकुंडीला आलेला कुणी. ते दोन्ही कागद शेजारी ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, "घाबरू नाका. माणूस एकच आसा, कागद दोन आसत." मग ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असा प्रतिज्ञापत्राचा मसुदा जागच्या जागी लिहून देत. कुणाकडून काही घेत नसत. पावसाळ्यात कुणी तवशी आणून ठेवली तर तेवढी काकडी घरी नेत. एक म्हातारी त्यांच्या पाया पडायला वाकली तर तिच्यावर वस्सकन ओरडले, आणि मग स्वतः उठून तिला बसमध्ये बसवून आले.

हे सगळं मला दिसत होतं. तरी मी जे केलं ते केलं.

मी नकला बऱ्या करते. त्या वर्षी गॅदरिंगला शिक्षकांचा कार्यक्रम होता आणि मी त्यांची नक्कल केली. पांढरा शर्ट, दोन पेनं, एका बोटानं सरकवलेला तुकडा. शेवटी यम त्यांना न्यायला येतो. हे त्याच्यापुढे तुकडा सरकवतात, "बरोवन दी." यम बिचारा झटक्याच्या पेनानं नाव लिहितो, स्पेलिंग चुकतं आणि तो हात हलवत परत जातो. लोक हसून हसून खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. तेही हसले, टाळ्याही वाजवल्या. त्यांच्या शेजारी त्यांची बायको बसली होती. ती हसत नव्हती. ते मी रंगमंचावरून पाहिलं आणि पुढचं वाक्य आणखी मोठ्यानं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "टीचर, यम बरो केलंस." मला वाटलं, विषय मिटला. पंधरा वर्षं त्यांच्यासोबत काम करून मला एवढंही कळू नये.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी मला दिल्लीहून पत्र आलं. शाळेतल्या भाषाशिक्षणावर परिषद होती आणि माझा निबंध त्यांनी घेतला होता. तीन वर्षं मी मुलांच्या वहीतले शब्द जमवत होते. नुस्तें म्हणजे मासळी, जनेल म्हणजे खिडकी, फाल्यां म्हणजे उद्या. मुलं घरचे शब्द निबंधात लिहितात आणि आपण त्यावर लाल रेघ मारतो. ती मारू नये, एवढंच माझं म्हणणं. पण ते दिल्लीत, देशभरच्या माणसांपुढे, वीस मिनिटं उभं राहून म्हणायचं होतं. मी पंचावन्न वर्षांची होते आणि विमानात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. मोपाचा विमानतळ सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं. विमानं आमच्या शाळेवरून इतकी खालून जायची की मुलं चाकं मोजायची. आता त्यातल्या एकात मी असणार होते.

मी ऑफिसात गेले. तुकडा पुढे आला.

"बरोवन दी. नाव, तारीख, जेवण."

मी लिहिलं, जन्मभर लिहीत आले तसंच. त्यांनी तो तुकडा उचलला, सावकाश वाचला, चष्मा कपाळावर चढवला.

"हेच नाव घालू?"

"मग दुसरं कुठलं घालणार?" मी म्हटलं. बाजूला दोघी बायका होत्या, त्या हसल्या. माझ्या आवाजात गॅदरिंगची थोडी धार होतीच.

"बरा," ते म्हणाले आणि तुकडा फाइलला लावला.

आता तुम्हीच सांगा, ह्याला विचारणं म्हणतात की सापळा लावणं?

नाताळाच्या आधीचा आठवडा. भर दुपारचं विमान. नवऱ्यानं दारात सोडलं, मी नवी बॅग ओढत गेले. दारावरच्या जवानानं तिकीट पाहिलं, कार्ड पाहिलं, परत तिकीट पाहिलं. "मॅडम, ये तो किसी और का टिकट है." मी समजावू लागले. पोर्तुगीज, जन्मदाखला, एस-एच, एक्स. तो उत्तरेकडचा मुलगा, त्याला माझा इतिहास काय कळणार. त्यानं मला तिकिटांच्या खिडकीकडे पाठवलं. तिथली मुलगी आमच्याच तालुक्यातली निघाली, तिला एका क्षणात सगळं समजलं. "टीचर, नाव आता सारखा करता येता," ती म्हणाली, "पूण बुकिंग जेच्या मोबायलावयल्यान केला, तेका एक नंबर येतलो. तो माका सांगा."

बुकिंग हेडक्लार्कच्या मोबाइलवरून. मी फोन लावला. बंद. परत लावला. बंद. तेरा वेळा लावला. शाळेत लावला तर शिपाई म्हणाला, ते जेवायला घरी गेलेत. मुलीनं थांबता येईल तेवढं थांबून पाहिलं. मग दार बंद झालं. दुसऱ्या दिवसापर्यंतची सगळी विमानं सुट्टीवर आलेल्या लोकांनी भरलेली होती. मी काचेतून माझं विमान जाताना पाहिलं. माझा निबंध दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी नववी 'ब'वर होते.

तळपायाची आग मस्तकात घेऊनच मी ऑफिसात शिरले. ते फाइल काढूनच बसले होते.

"तू जा बरयलंस ता मी घातलंय," तुकड्यावर बोट ठेवून ते म्हणाले.

"माझ्या कार्डावर काय आहे ते तुम्हाला पाठ आहे. सगळ्या स्टाफचं पाठ आहे!"

"मी विचारलंय तुका."

"आणि मोबाइल?"

"जेवताना मी बंद दवरतंय."

"दीड तास जेवत होता?"

"सोमार होतो. शिवराक जेवण सावकाश जाता."

मासळीशिवायचं जेवण म्हणे सावकाश जातं! मी तिथे काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ते ऐकून घेत होते. मी दाराशी पोचले तेव्हा मागून हळूच म्हणाले, "माज्या बायलेन त्या दिसा नवी साडी नेसलेली."

मला कळलं, गॅदरिंगचा दिवस. पण कळणं वेगळं आणि जिरणं वेगळं. त्या दिवशी दारात उभी राहून मी ठरवलं की ह्या माणसाला मी सोडणार नाही.

पुढच्या मे महिन्यात ते निवृत्त झाले. निरोपसमारंभात सगळे दहा दहा मिनिटं बोलले, मी दोन वाक्यं बोलले. त्यांनी आता घरच्या सोप्यावर मेज मांडलं आणि माणसं तिकडे जाऊ लागली. शाळेत त्यांची जागा काही भरली गेली नाही. फाइली, तिकिटं, हॉटेलं, सगळं हेडमास्तरांनी माझ्या गळ्यात मारलं. मी कुरकुरले नाही. मला घाई नव्हती.

आणि एक दिवस शाळेत दिल्लीचं पत्र आलं. त्यांच्या नावानं. जुन्या नोंदी पाहायला तिथल्या एक संशोधक बाई आमच्या तालुक्यात आल्या होत्या. कोणीतरी त्यांना ह्यांच्या सोप्यावर नेलं आणि त्या तीन दिवस तिथून हलल्याच नाहीत. आता नावं आणि नोंदी ह्या विषयावर राजधानीत परिषद होती, आणि ह्यांनी पंधरा मिनिटं बोलावं असं त्यांचं म्हणणं होतं. प्रवासाची व्यवस्था शाळेनं करावी, अशी विनंती. आमच्या पेडण्याचा निवृत्त हेडक्लार्क दिल्लीत प्राध्यापकांसमोर एक्सबद्दल बोलणार! हेडमास्तरांनी नोटीस वाचून दाखवली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

ते आले. इस्त्रीचा शर्ट. शाळेच्या मेजापलीकडे, मागणाऱ्याच्या बाजूला मी त्यांना पहिल्यांदाच उभं पाहत होते. मी तुकडा घेतला आणि एका बोटानं सरकवला.

"बरोवन दिया."

ते हसले. "शिकलंस गे."

लिहिता लिहिता बोलत होते. दिल्लीत थंडी किती असेल, मुलाचा कोट खांद्यात बसतो का, पंधरा मिनिटांत शेवंतीची गोष्ट सांगावी की शांतारामाची. नाव त्यांनी लिहिलं ते सहीतलं, चाळीस वर्षं लिहीत आले होते तसं. त्यांच्या कार्डाची प्रत निवृत्तीच्या फाइलमध्ये होती आणि फाइल माझ्या कोपराखाली. कार्डावर त्यांच्या आडनावाला एक्स होता आणि शेवटी दोन अक्षरं जास्त. जगाच्या नावातली चूक ज्याला लांबून दिसायची, त्याला स्वतःचं नाव दिसलं नाही. आपलं नाव माणूस वाचत नसतो, नुसतं ओळखत असतो.

"हेच नाव घालू?" मी विचारलं.

"मगे? दुसरा खयचा?"

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. कैरीला मीठ लागावं तसा आनंद. मी माझ्या मोबाइलवरून तिकीट काढलं. हॉटेल परिषदेच्या जागेपासून शहराच्या दुसऱ्या टोकाला घेतलं. अर्जात जेवणाचा रकाना होता, तिथे 'जैन' लिहिलं. कांदा नाही, लसूण नाही, मासळीचा तर वासही नाही. घरी येऊन मी स्वतःशी गुणगुणत भाकऱ्या केल्या. नवऱ्यानं विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही.

त्या दिवशी बारा वाजता मी मोबाइल बंद केला आणि डबा उघडला. सावकाश जेवले. पाऊणच्या सुमाराला विमान शाळेवरून गेलं. मुलांनी मान वर केली. त्यात ते नाहीत हे त्या अख्ख्या शाळेत मला एकटीलाच ठाऊक होतं.

आता ते येणार होते. तणतणत येणार, आणि मी तुकड्यावर बोट ठेवून त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवणार. ते वाक्य मी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं, बोटासकट. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. आठवडा गेला, आले नाहीत. महिना गेला. शाळेत कळलं ते एवढंच की नावाच्या घोटाळ्यानं त्यांचं जाणं राहिलं. माझ्यावर कोणाचा संशयसुद्धा गेला नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचाही मला राग आला. मारलेला दगड कुठे लागला हे कळू नये, ह्यात कसलं समाधान?

मग एकदा बाजारात एक म्हातारा भेटला, काखेत कागदांची पिशवी. ह्यांच्याच घरून परत चालला होता. "ते आता सोप्यार बसनत नाय," तो मला म्हणाला. "म्हणतत, दुसऱ्याक दाखय. माजा आता खरा नाय."

मी त्यांच्या घरी गेले. का गेले? आधी पाहायलाच गेले, हे कबूल करते.

त्यांच्या बायकोनं दार उघडलं. मला पाहून तिला बरं वाटलं, हे त्याहून वाईट. सोप्यावरचं मेज भिंतीला लावलेलं, वर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या. ती सांगू लागली. विमानतळावरून परत आले ते बोललेच नाहीत. दुसऱ्या दिवशी कार्ड काढून बसले, आपलं नाव एकेक अक्षर बोट ठेवून वाचत. "म्हणतत, चाळीस वर्सां लोकांची नावां बघलंय, आनी सोताचाच दिसला नाय. म्हणजे आता पुढे काय काय दिसूचा नाय कोण जाणा. डोक्याच्या डॉक्टराक दाखयला. तो म्हणता काय नाय, पूण हेंका पटणा नाय." मग तिनं माझा हात धरला. "टीचर, तुमी तरी सांगा तेंका. तुमचा आयकतले."

ते आतून आले. दाढी वाढलेली. मला पाहून ओशाळले.

"टीचर, तुज्या कामाक माज्यामुळे बट्टो लागलो," ते म्हणाले. "तू माका विचारलंस सुद्धा, हेच नाव घालू म्हणान. आनी मी काय सांगलंय? तुजा त्या वक्ताक मी केलंय ता मस्तीन केलंय. हय तशा नाय. हय माका दिसलाच नाय."

सव्वा वर्ष मी ह्याच घटकेची वाट पाहत होते. हा माणूस माझ्यासमोर उभा राहून माफी मागत होता आणि वर गुन्हाही कबूल करत होता. आणि मला तिथे बसवेना. माझं त्यांनी एक विमान घालवलं होतं. मी त्यांचे डोळे काढून घेतले होते.

"मला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"काय ठावक होता?"

"तुमच्या कार्डावर एक्स आहे ते. फाइल माझ्या हाताखाली होती. तुम्ही लिहिलंत तेव्हाच मी पाहिलं. मुद्दाम तसंच घातलं. मोबाइलही मीच बंद ठेवला. जेवणात जैन लिहिलं."

त्यांच्या बायकोनं माझा हात सोडला.

ते एक पाऊल पुढे आले. मग विचारलं, "तू बघलंस, आनी बोललंस नाय?"

"नाही बोलले."

"म्हणजे दुसऱ्यान कोणी बघला असता तर सांगला असता. तिकीट सारखा जाला असता."

"हो."

"म्हणजे माका काय जालेला नाय?"

"तुम्हाला काहीही झालेलं नाही. त्या दिवशी तुमचं लक्ष कोटात होतं."

ते खाली बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून त्यांनी श्वास सोडला. मला वाटलं, आता रडतील, किंवा हसतील, आणि आमचं दोघांचं मिटेल. आपण असल्या गोष्टी वाचत आलेलो असतो ना.

ते उठले. चेहरा तांबडालाल झालेला. "दोन म्हयने," ते म्हणाले, "दोन म्हयने मी सोताक पिसो समजत बसलंय! घोवान बायलेक इचारूचा, आज वार खयचो! गावची माणसां मी परत धाडलंय! तुजो निबंध गेलो, फाल्यां दुसरो लिवशीत. माजा काय घेतलंस कळता तुका?" आवाज चढत चढत माडीपर्यंत गेला. मी त्यांना कधी रागानं ओरडताना ऐकलं नव्हतं. त्या म्हातारीवर ओरडले होते ते मायेनं. हे तसं नव्हतं. "भायर हो. माज्या घरात परत पाय घालू नाका. मी तुका कधी माफ करूचंय नाय."

मी चपला घातल्या. पायऱ्या उतरत होते तेव्हा आतून त्यांचा आवाज आला, अजून तितकाच तापलेला, आता बायकोवर. मेजावर कपडे कोणी ठेवले म्हणून विचारत होते.

दुसऱ्या दिवशी सोप्यावर तिघेजण बसलेले होते, असं मला शिपायानं सांगितलं.

त्यानंतर ते माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. बाजारात मी समोरून आले तर पलीकडे जात. जत्रेत मी रांगेत दिसले तर ते रांग सोडून घरी गेले. मुलाच्या लग्नाला सगळ्या शाळेला पत्रिका आली, शिपायालासुद्धा, मला नाही. स्टाफरूममधल्या बायका मला विचारत, तुमचं काय बिनसलं? मी म्हणे, त्यांनाच विचारा. त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझी नोकरी नाही तरी तोंड तर गेलं असतं. का सांगितलं नाही ते मला आजही कळलेलं नाही. मीही काही संत झाले नाही. दिल्लीच्या त्या सभागृहात माझी वीस मिनिटं कुणी दुसऱ्यानं वापरली असतील, हे आठवलं की अजून दात खाते. पण बाजारात त्यांनी मान फिरवली की माझा दिवस बरा जायचा. उद्या मी समोर आले आणि त्यांनी ओळखीचं हसू दिलं तर, म्हणजे सगळं खरंच विसरून गेले असतील तर, ह्या भीतीनं मी त्यांच्या चेहऱ्याकडे आधी बघून घ्यायचे.

त्यांचा मुलगा वास्कोला बंदरात नोकरीला आहे. गेल्या डिसेंबरात तो दोघांना तिकडे घेऊन गेला. घर बंद आहे. माणसं अजून येतात, कुलूप बघतात आणि कागद घेऊन परत जातात. एकदोघं माझ्याकडे येतात. मी दोन्ही कागद शेजारी ठेवते आणि प्रयत्न करते. त्यांच्याइतकं जमत नाही.

ते गेले त्या सकाळी मी पेडण्याच्या बसस्टँडवर होते, साखळीला भावाकडे निघालेली. पणजीची बस सुटायच्या बेतात होती आणि ते खिडकीशी बसले होते, मांडीवर कागदांचा गठ्ठा, शेजारी बायको. तिनं मला पाहिलं. क्षणभर थांबून तिनं हात वर करायला घेतला. त्यांनी ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, नीट, ओळखून. मग तिचा हात धरून खाली ठेवला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. बस हलली, वळली, तरी ती मान तशीच ताठ होती. मी माझी बस चुकवली आणि तिथेच उभी राहून मनातल्या मनात म्हटलं, असंच, बाबा, अगदी असंच.